वल्हें आणि विवेक

डेन्मार्कांतील रॉस्किल्ड येथील संग्रहालयांत, खाडीच्या तळांतून १९६२ सालीं काढलेलीं पांच व्हायकिंग जहाजें आहेत. तेथें मुलें आईबापांसह जुन्या धर्तीच्या नौकेंत बसून वल्हीं मारतात. त्या दर्यावर्दी लोकांचें धैर्य व कसब पुस्तकापेक्षां दुखऱ्या हातांस लवकर उमगतें, हें निर्विवाद होय. परंतु व्हायकिंगांनींच ७९३ सालीं इंग्लंडच्या किनाऱ्यावरील लिंडिसफार्नचा मठ लुटला व निःशस्त्र संन्याशांचें रक्त सांडलें. तो आक्रोश वल्ह्यास ठाऊक नाहीं. तो मुलांस सांगणें हें सोबत गेलेल्या पालकांचें कर्तव्य होय. शौर्याचें कौतुक करतांना पीडितांचा विसर पडूं देणें म्हणजे अर्धाच इतिहास शिकविणें; आणि अर्धा इतिहास मुलांस धीट करील, सज्जन करणार नाहीं.