न उघडलेल्या पेट्या

सभ्य कुटुंबांत ज्या विषयाचा सहसा उच्चारही होत नाहीं, त्याविषयीं आज आम्ही चार शब्द लिहीत आहों. कारण या मौनाची किंमत शेवटीं पीडित स्त्रीलाच मोजावी लागते.

सन 2009 मध्यें अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं पोलिसांच्या एका गोदामांत 11,000 हून अधिक पेट्या धूळ खात पडलेल्या आढळल्या. बलात्कारानंतर इस्पितळांत पीडितांच्या अंगावरून घेतलेले नमुने त्यांत होते. पण बहुतेक पेट्या प्रयोगशाळेपर्यंत पोंचल्याच नव्हत्या. कांहीं तर 1980 च्या दशकांतल्या होत्या.

हे नमुने देणें सोपें नसतें. घाला पडल्यावर स्नान न करतां, वस्त्रें न बदलतां, कित्येक तास आपलें शरीर परक्या हातांच्या स्वाधीन करावें लागतें. ती हें सोसते तें एकाच भरंवशावर, कीं याचा कोणी तरी उपयोग करील. पुढें वर्षानुवर्षें निरोप येत नाहीं, तेव्हां 'माझें कोणी खरें मानलें नाहीं' असें तिचें मन घेतें, आणि दोष स्वतःकडे ओढून घेऊं लागतें. मानसशास्त्रज्ञ यास दुसरा आघात म्हणतात.

पैसा व माणसें यांचा तुटवडा होता, हें खरें. परंतु मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ रिबेका कॅम्पबेल यांनीं या प्रकरणाचा अभ्यास केला, तेव्हां पीडितांविषयींचा पोलिसांचा अविश्वास हेंही एक कारण निघालें. म्हणजे त्या स्त्रियांची शंका निराधार नव्हती!

पेटी उघडली म्हणून दुःख मिटतें असेंही नाहीं. मोठ्या कष्टानें सांवरलेल्या संसाराच्या दारीं वर्षांनंतर अचानक पोलिस उभा राहिला, तर जुनी जखम पुन्हां वाहूं लागते. यास्तव ही वार्ता कशी द्यावी व पुढें जाणें कीं न जाणें हें तिच्याच इच्छेवर कसें सोंपवावें, याचाही तेथें विचार झाला. सन 2014 च्या कायद्यानें मिशिगनमध्यें पोलिसांनीं असा पुरावा 14 दिवसांत ताब्यांत घेऊन पुढील 14 दिवसांत प्रयोगशाळेकडे धाडावयाचा, असें ठरलें.

आमच्या वाचकांच्या हातीं प्रयोगशाळा नाहीं. पण पीडित मुलगी प्रथम बोलते ती बहुधा घरांतच. त्या वेळीं वडील मंडळींनीं 'तूं तिकडे गेलीसच कां?' असें विचारणें म्हणजे तिची पेटी न उघडतांच फडताळांत टाकणें होय.