आळस नव्हे, संकोच



'व्यायामाला वेळ नाही' हा आळशांचा बहाणा, असे आपल्या एका वाचकाने लिहिले आहे. मला ते मुळीच पटत नाही. वटारहून पहाटे निघून विरारला लोकल पकडणारा माणूस आळशी कसा? आड येतो तो संकोच. वाडीत राबणारी बाई बूट घालून रस्त्याने झपझप चालू लागली की ओट्यावरून प्रश्न येतोच, 'काय गं, कुठे निघालीस?' मॅरेथॉनच्या धावपटूंसाठी टाळ्या वाजवणारे आपण शेजारणीला मात्र हसतो!

शिवाय, तासभर जमणार नसेल तर सुरुवातच नको, ही समजूत. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. पण सलग दहा मिनिटांची अट तिने २०२० मध्ये काढून टाकली. नाक्यापर्यंतची पाच मिनिटेही धरा. आमच्या आळीतल्या चौघीजणी आता एकत्र निघतात; विचारणारे गप्प झाले आहेत.

– एक वाचक, वटार