पवनीच्या अहवालाला सात गुण

प्रति,
मा. अध्यक्ष,
विद्यापीठ अनुदान आयोग,
बहादूरशहा जफर मार्ग, नवी दिल्ली.

विषय : मोजपट्टी वारंवार बदलल्याबद्दल, आणि मोजण्याआधी कोणी काही वाचते का, याबद्दल.

महोदय,

आधीचे अर्ज, त्यांची स्मरणपत्रे आणि ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असे कळवणारे संदेश आयोगाच्या दफ्तरी असतीलच. तेव्हा प्रास्ताविक नको.

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीची जगन्नाथ टेकडी 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून खोदली. टेकडीच्या पोटात बौद्ध स्तूप निघाला, कोरीव शिल्पे निघाली, मुचलिंद नाग निघाला. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचा उत्खनन अहवाल विद्यापीठाने 1972 साली छापला. विदर्भाच्या प्राचीन इतिहासावर लिहिणाऱ्याला आजही त्या अहवालाला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

आता आयोगाच्या 18 जुलै 2018 च्या विनियमातला तक्ता काढावा. राष्ट्रीय प्रकाशकाने छापलेल्या पुस्तकाला 10 गुण. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला त्याचे 70 टक्के. म्हणजे हा अहवाल आज निघाला असता आणि पडताळणी समितीने विद्यापीठाला ‘राष्ट्रीय प्रकाशक’ मानण्याची कृपा केली असती, तर देवांना सात आणि जोशींना सात. राज्य पातळीवरच्या निमंत्रित व्याख्यानाला त्याच तक्त्यात 2 गुण आहेत. चार व्याख्याने ठोकली की आठ. स्तूप एका गुणाने मागे पडला.

भंडाऱ्याकडच्या झाडीबोलीचेही तसेच. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा शब्दकोश सिद्ध केला. शब्द वेचायचे तर गावोगाव हिंडावे लागते, म्हाताऱ्या माणसांसमोर बसावे लागते, एकाच अवजाराला लाखांदूरकडे काय म्हणतात आणि तुमसरकडे काय, हे कानाने टिपावे लागते. आयोगाच्या तक्त्यात शब्दकोशासाठी निराळी ओळ नाही. ते एक पुस्तक, गुण 10. संपादित ग्रंथातल्या एका प्रकरणाला 5. एकदिवसीय परिषदा आटोपल्यावर निघणाऱ्या दोन ग्रंथांत आठ-दहा पानांची दोन प्रकरणे टाकली की शब्दकोशाची बरोबरी झाली. थेट भरतीने प्राध्यापक व्हायला 120 गुण लागतात, म्हणजे बारा शब्दकोश. प्राचार्यपदाला 110 पुरतात. तिथे अकरांत भागते, ही आयोगाची मेहेरबानीच.

शोधनिबंधाला विज्ञानात 8 गुण, भाषा आणि सामाजिक शास्त्रांत 10. त्यावर नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरनुसार जादा गुण : फॅक्टर नसलेल्याला 5, दहाच्या वर असलेल्याला 30. आणि हा फॅक्टर पाहायचा कुठे? ‘थॉमसन रॉयटर्स’च्या यादीत, असे विनियम सांगतो. थॉमसन रॉयटर्सने तो व्यवसाय 2016 मध्येच विकून टाकला होता. यादी तेव्हापासून क्लॅरिव्हेट या कंपनीची. पुढे दोन वर्षांनी राजपत्रात जुन्याच मालकाचे नाव छापून आले. इकडे प्राध्यापकाच्या फाइलीत आयएसएसएनचा एक आकडा चुकला तरी फाइल परत येते.

हे सगळे एकवेळ सोसता आले असते. सोसवत नाही ती नियतकालिकांची यादी.

2010 च्या विनियमाने एपीआय हा कामगिरीचा निर्देशांक आणला आणि शिक्षकाचे वर्ष गुणांत मोजले जाऊ लागले. कॅसच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, फाइलीला निबंध हवेत, अशी मागणी तयार झाल्यावर पुरवठादार कुठून तरी उगवणारच. ‘आंतरराष्ट्रीय’ नावाची, दोन दिवसांत ‘तज्ज्ञांकडून तपासून’ देणारी, पैसे भरताच स्वीकृतिपत्र पाठवणारी नियतकालिके प्राध्यापकांच्या मोबाइलवर येऊन धडकू लागली. यावर उपाय म्हणून जानेवारी 2017 मध्ये आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी जाहीर केली. तीत नावे किती? 38 हजारांहून अधिक. मे 2018 मध्ये त्यातली 4,305 एका फटक्यात वगळली. नोव्हेंबर 2018 मध्ये नियतकालिकांची पारख करणाऱ्या ‘केअर’ या यंत्रणेची घोषणा झाली, जून 2019 मध्ये केअरची नवी यादी आली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी आयोगाच्या 584 व्या बैठकीत केअर बंद करायचे ठरले. शिक्षकांना ते कळले 11 फेब्रुवारी 2025 रोजी. आणि त्यावर अभिप्राय द्यायला मुदत 25 फेब्रुवारीपर्यंत. निर्णय चार महिने पिशवीत राहिला, हरकतीला मात्र पंधरवडा.

पहिल्या यादीची लायकी काय होती, हे सांगायला विरोधकांची गरज नाही. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास मार्च 2018 च्या ‘करंट सायन्स’मध्ये आला. विद्यापीठांनी सुचवून यादीत घातलेल्या 5,699 नियतकालिकांतून त्यांनी 1,336 यादृच्छिक पद्धतीने निवडली. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या संदर्भसूच्यांमध्ये आधीच असलेली बाजूला काढल्यावर तपासायला 1,009 उरली. त्यातल्या 34.5 टक्क्यांनी पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावे यांसारखी साधी माहितीही दिलेली नव्हती किंवा चुकीची दिली होती. आणखी 52.3 टक्क्यांची माहिती खोटी : आयएसएसएन खोटा, इम्पॅक्ट फॅक्टर खोटा, संपादकांची पात्रता संशयास्पद. कसोटीला उतरली फक्त 112. शंभरातली अठ्ठ्याऐंशी बाद! हेच पटवर्धन पुढे आयोगाचे उपाध्यक्ष झाले. म्हणजे घरातला कचरा मोजून दाखवणाऱ्यालाच आयोगाने घरात घेतले.

त्या 1,009 पैकी ज्या नियतकालिकांनी प्राध्यापकांचे पैसे घेतले, त्यांनी ते आयोगाच्या शिक्क्याखाली घेतले. साकोली, लाखनी किंवा मोहाडीच्या शिक्षकाने यादी उघडली, नाव सापडले, पेपर टाकला. त्याचा दोष एवढाच की त्याने आयोगावर विश्वास ठेवला. यादीतून नाव उडाल्यावर तोच निबंध मुलाखतीच्या टेबलावर संशयित होतो. मग शिक्षकाला आपल्या फाइलीला त्या दिवसाचा स्क्रीनशॉट जोडावा लागतो. सुज्ञ माणसे आता निबंध लिहिण्याआधी स्क्रीनशॉट काढून ठेवतात.

केअर बंद करताना आयोगाने नियतकालिकांची पारख महाविद्यालयांवर आणि शिक्षकांवर सोपवली, सोबत ‘सुचवलेले निकष’ दिले. स्वायत्तता म्हणतात ती हीच असावी. दिल्लीतल्या आयोगाला आणि देशभरच्या विद्यापीठांना जे सात-आठ वर्षांत जमले नाही, ते लाखांदूरच्या महाविद्यालयाच्या तीन जणांच्या समितीने वार्षिक अहवालाच्या गडबडीत करून दाखवावे.

यादी गेली तरी आकडा जात नाही. आता एच-निर्देशांक विचारतात. सॅन दिएगोतले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये तो सुचवला : दहा निबंधांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले की एच दहा. एकच आकडा माणसाच्या कामाचा अंदाजच देऊ शकतो, हे हिर्श यांनी त्याच लेखात सांगून ठेवले होते. ते वाक्य वगळून बाकीचा लेख इथे पोहोचला. ज्याच्या नावावर एकच ग्रंथ आहे, त्याचे संदर्भ शंभर ठिकाणी दिले गेले तरी एच एकच राहतो. म्हणजे पवनीचा अहवाल या कसोटीवरही एक. त्यातही संदर्भ मोजणारे यंत्र स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्सचे. संस्थांची क्रमवारी लावणारे एनआयआरएफ तेच वापरते. मराठीतल्या लेखाच्या तळटिपेत दिलेला संदर्भ या यंत्रांना सहसा दिसतच नाही. ‘भाषा आणि जीवन’, ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यांत आलेल्या लेखाचा आधार दुसऱ्या मराठी लेखकाने घेतला, तर तो घेतलाच नाही असे समजायचे.

जुन्या भंडारा जिल्ह्यात ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ’ ढिवर समाजाबरोबर मालगुजारी तलावांवर काम करत आले आहे. तलावात कोणत्या पाणवनस्पती लावल्या की कोणते मासे टिकतात, हे ज्ञान जाळे टाकणाऱ्या माणसांकडून गोळा करून परत तलावांतच वापरलेले. जिल्ह्यातला वनस्पतिशास्त्राचा शिक्षक यात सहज रमेल. पण बोडीच्या, म्हणजे लहान तलावाच्या, पारीवर काढलेल्या दिवसाला तक्त्यात रकाना नाही, हे त्याला ठाऊक आहे. कॅसची तारीख जवळ आली की तो पारीवरून उठतो आणि प्रयोगशाळेतल्या कुठल्या तरी इंग्रजी निबंधात चौथे नाव लावून 30 टक्के गुण पदरात पाडतो. त्याला नावे ठेवायची कशी? घरी पगारवाढीची वाट पाहणारी माणसे आहेत.

नेमणूक आणि पदोन्नती ठरवताना नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर लेखाच्या दर्जाची खूण म्हणून वापरू नये, असे डिसेंबर 2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला जमलेल्या संपादक-प्रकाशकांनी ठरवले आणि त्यावर जगभरातून सह्या घेतल्या. आयोगाचा तक्ता त्यानंतर साडेपाच वर्षांनी निघाला. टपालाला उशीर झाला, असे मानून घेता येईल.

तेव्हा आयोगाने एवढे करावे. 2017 ते 2025 या काळात नियतकालिक यादीत असताना प्रसिद्ध झालेल्या निबंधांविषयी एक स्पष्ट परिपत्रक काढावे, ज्याचा अर्थ प्रत्येक समिती आपापल्या मर्जीने लावू शकणार नाही. शब्दकोश, उत्खनन अहवाल, बोलीचे संकलन, क्षेत्रीय नोंदी यांना तक्त्यात स्वतःची जागा द्यावी. आणि मुलाखतीआधी उमेदवाराने निवडून दिलेले तीन लेख समितीने वाचावेत. प्रत्येक सदस्याने अर्ध्या पानाचा अभिप्राय सहीनिशी फाइलीला जोडावा. लेख मराठीत असतील तर मराठी वाचणारा किमान एक सदस्य असावा.

पत्राची पोच मिळावी. मराठीत आली तर बरे. इंग्रजीत आली तरी हरकत नाही, इथे ती वाचली जाईल.

भंडारा जिल्ह्यातल्या, फाइल हातात घेऊन बसलेल्या शिक्षकांच्या वतीने