चंद्रावरील प्रोफेसर कोठें गेले?

'स्पेस : १९९९' ही जुनी इंग्रजी दूरचित्रवाणी-मालिका आमच्या नातवंडांनीं मला गेल्या पावसाळ्यांत आग्रहानें पाहावयास बसविली. पहिलें पर्व संपून दुसरें सुरू झालें त्या रात्रीं धाकट्या नातीनें विचारलें, "आजोबा, ते म्हातारे प्रोफेसर कुठें गेले?" मीं चष्मा पुसून पाहिलें. खरेंच, ते कोठेंहि नव्हते. आणि विशेष हें कीं, पडद्यावरील एकाहि माणसास त्यांची आठवण होत नव्हती.

ज्या वाचकांनीं ही मालिका पाहिली नसेल त्यांच्याकरितां थोडें कथासूत्र सांगितलें पाहिजे. चंद्राच्या पलीकडील बाजूस पृथ्वीवरील अणुशक्तीचा घातक कचरा सांठविलेला असतो. १३ सप्टेंबर १९९९ रोजीं त्याचा स्फोट होतो, चंद्र आपली कक्षा सोडून अंतराळांत भरकटूं लागतो, आणि 'मूनबेस अल्फा' नांवाच्या तळावरील ३११ माणसें त्याच्याबरोबर वाहवत जातात. (एवढ्या जोराचा स्फोट झाला असता तर चंद्राच्याच ठिकऱ्या उडाल्या असत्या, ही शंका मीं काढली, ती घरांत कोणी मनावर घेतली नाहीं.) गेरी व सिल्व्हिया अँडरसन या दांपत्याची ही निर्मिति १९७५ सालीं इंग्लंडांत दाखविली गेली.

पहिल्या पर्वाच्या २४ भागांचा प्रधान रस अद्भुत, आणि त्यामागें भयानकाची छाया. घडलेल्या गोष्टीचा उलगडा दर वेळीं होतोच असें नाहीं. तळाचे अधिपति कोनिग यांना सल्ला देणारे वयोवृद्ध शास्त्रज्ञ म्हणजे प्रोफेसर व्हिक्टर बर्गमन. ही भूमिका बॅरी मोर्स यांनीं केली. बर्गमनांचें हृदय यांत्रिक आहे. तरी तळावर सर्वांत अधिक जिव्हाळा त्यांच्याच ठायीं दिसतो. 'ब्लॅक सन' या भागांत चंद्र एका कृष्णसूर्याच्या मुखांत ओढला जात असतां हे दोघे स्नेही मद्याचे चषक घेऊन शांतपणें बोलत बसतात. चषक आमच्या सौभाग्यवतींस रुचले नाहींत. परंतु तें बोलणें संपेपर्यंत त्याहि उठल्या नाहींत.

अमेरिकेंतील तिन्ही मोठ्या प्रक्षेपणसंस्थांनीं ही मालिका घेतली नव्हती. तेव्हां १९७६ च्या दुसऱ्या पर्वासाठीं फ्रेड फ्रायबर्गर या अमेरिकन निर्मात्यास आणण्यांत आलें. 'स्टार ट्रेक' या मूळ मालिकेचें तिसरें व अखेरचें पर्व त्यांच्याच हातचें. इकडे अँडरसन दांपत्याचा संसार मोडला होता, व सिल्व्हियाबाई मालिकेपासून दूर झाल्या होत्या. फ्रायबर्गरांना पहिलें पर्व थंड वाटलें. त्यांना धावपळ, विनोद आणि प्रेम हवें होतें. उंच छताचें, खिडक्यांचें भव्य नियंत्रणदालन गेलें व त्याच्या जागीं जमिनीखालची आटोपशीर खोली आली. बॅरी ग्रे यांचें संगीत जाऊन डेरेक वॉड्सवर्थ यांचें आलें.

आणि माया आली. परग्रहावरची ही कन्या हव्या त्या प्राण्याचें रूप धारण करते. आपल्या पुराणांच्या भाषेंत कामरूपिणी. नांव तिला शोभतें. कॅथरिन शेल यांनीं ही भूमिका इतक्या प्रसन्नपणें केली आहे कीं मुलें तिच्यावर लुब्ध झालीं, व तिच्या थट्टेला मीहि दोन-तीनदां हंसलों. दुसरें पर्व सर्वस्वीं टाकाऊ आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल.

पण शास्त्रीय कोडें पडलें कीं सर्वजण आतां मायेकडे वळतात! म्हणजे बर्गमनांचें काम शिल्लक होतें, बर्गमन तेवढे नव्हते. मोर्स यांचा करार जुळला नाहीं म्हणून ते गेले. व्यवहारांत असें होतेंच. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागाच्या संहितेंत, अंतराळांतील पोशाखाच्या दोषामुळें प्रोफेसर वारले असा उल्लेख होता. तोहि वगळला गेला. शरशय्येवरील भीष्मांच्या मुखीं व्यासांनीं शांति व अनुशासन हीं दोन पर्वें घातलीं. येथें एक वाक्य होतें, त्यालाहि कात्री लागली. घरांतलें वडील माणूस गेलें कीं त्याची खुंटीवरची टोपी कित्येक दिवस कोणी काढीत नाहीं. अल्फावर अशी एखादी टोपी मीं पुष्कळ शोधली. प्रोफेसरांच्या बरोबरचे मॉरो व कानो हेहि असेच निमूट नाहींसे झाले आहेत.

दुसऱ्या पर्वाचेहि २४ भाग होऊन १९७७ सालीं मालिका थांबली. नातीला मीं तें वगळलेलें वाक्य सांगितलें. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "मायाला तरी कुणीं सांगायचें होतें." पुढचे भाग आम्हीं पाहत आहोंत; मात्र येत्या रविवारीं पुन्हां 'ब्लॅक सन' लावावयाचा असें ठरलें आहे.