गाजरगवताचा वैरी तो आपला मित्र

मृगाचा पाऊस पडला कीं नांदेड व लातूर जिल्ह्यांतील गायरानें, बांध व पडीक जमिनी गाजरगवतानें हिरव्या होतात. १९५५ सालीं पुण्यास प्रथम आढळलेलें हें परकी तण आज गांवोगांवचें दुखणें झालें आहे. त्याच्या संसर्गानें अंगास खाज व इसब, आणि परागांनीं शिंका व दमा, हे विकार खुरपणाऱ्या मजूर स्त्रियांस सर्वांआधीं भोगावे लागतात. एका झाडास १० ते २५ हजार बिया येऊं शकतात. तेथें एकट्या शेतकऱ्याचें खुरपें कोठवर पुरणार?

या तणाचा जन्मजात वैरी मेक्सिकन भुंगा होय. तो १९८३ सालीं मेक्सिकोहून बंगलोर येथें आणला गेला व परीक्षणानंतर १९८४ सालीं मोकळा सोडण्यांत आला. मळकट पांढऱ्या पाठीवर काळसर उभे पट्टे ही त्याची खूण. पावसाळ्यांत भुंगा व त्याची अळी दोन्ही गाजरगवताचा पाला खातात. फुलोऱ्यापूर्वीं झाड बोडकें झालें तर बीं धरत नाहीं. पुढें भुंगा जमिनींत निजून राहतो व नव्या पावसाबरोबर वर येतो.

सूर्यफूल हें गाजरगवताच्याच कुळांतील. म्हणून लातूरकडील सूर्यफूल पिकविणाऱ्यांस शंका येणें स्वाभाविक आहे. बंगलोरकडे हे भुंगे सूर्यफुलावर दिसलेही होते. परंतु सरकारी चौकशीअंतीं त्यांपासून पिकास धोका नाहीं, असाच निर्वाळा मिळाला.

मग भुंगा असून गवत कां हटत नाहीं ? आमच्या मतें याचें एक कारण आपली घाई हें आहे. भर श्रावणांत गायरानावर तणनाशक फवारलें कीं गवताबरोबर अळ्यांचें अन्नही नाहींसें होतें, आणि पुढील वर्षाचे भुंगे निपजतच नाहींत. सबब पिकांतील गवत फुलण्यापूर्वीं, हातांस मोजे घालून, मुळासकट उपटावें; परंतु पडीक जमिनींत भुंगे दिसल्यास तेथें फवारा किंवा आग लावूं नये. तेथील कांहीं भुंगे वेंचून शेजारच्या शिवारांत सोडावे. जेथें ते मुळींच नाहींत, तेथील सभासदांनीं परभणीच्या कृषि विद्यापीठाकडे चौकशी करावी.

भुंगा एका हंगामांत चमत्कार करणार नाहीं. पाऊस ओढला तर त्याचें कामही मंदावेल. तथापि वाऱ्यानें उडणारें बीं कोणाचा बांध ओळखत नाहीं. म्हणून हें काम एकट्यादुकट्याचें नसून गांवाचें आहे, व गायरानाचा निर्णय येत्या पावसाळ्यापूर्वीं ग्रामसभेनेंच करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.