दगडाचा जन्मदाखला



सध्या आमच्या सावनेरच्या घरात एक उद्योग सुरू आहे. चाळीसेक वर्षांत जमलेल्या जीवाश्मांची संगणकावर नोंद! एकूण २१४ नग. नातू सुट्टीत आला की फोटो काढतो आणि मी रकाने भरतो. त्यावरून आमच्यात एक वाद रंगला. माझं मत ठाम आहे, म्हणून इथे मांडतो.

नातवाचं म्हणणं, "आजोबा, फोटो नीट आले की झालं. नाव तर आता मोबाईलसुद्धा सांगतो. बाकीचे रकाने कशाला?"

माझं म्हणणं उलट. फोटो नंतर काढता येतो, चुकलेलं नाव नंतर सुधारता येतं. पण दगड कुठे सापडला हेच लिहिलं नसेल, तर ती नोंद नव्हेच.

शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर आठवा. त्यात जन्मतारीख आणि जन्मठिकाण आधी लिहायचं. मुलगा पुढे कोण झाला हे जग सांगेल, पण जन्मठिकाण घरच्यांनीच सांगावं लागतं. दगडाचंही तसंच. त्याचं ठिकाण उचलणाऱ्यालाच ठाऊक.

आपल्या भागात तर हे फारच महत्त्वाचं. सिलेवाडा-कामठीकडच्या वालुकाश्मात ग्लॉसोप्टेरिसची पानं मिळतात, ती पंचवीस कोटी वर्षांहून जुनी. इथून फार लांब नाही, छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानला लाव्हाच्या थरांमधल्या तळ्याच्या गाळात फळं-फुलं दगड होऊन बसली आहेत, ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. माझ्या एकाच कपाटात हे दोन्ही शेजारी आहेत. मधे किती काळ गेला हे चिठ्ठीवरूनच कळतं.

ज्यांच्या नावाने नागपुरात कॉलेज आहे, ते रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी इथले जीवाश्म गोळा केले. त्यातल्या वनस्पतींचं वर्णन बनबरी यांनी १८६१ साली लंडनला प्रसिद्ध केलं. १८६३ साली हिस्लॉप टाकळघाटजवळ बुडून वारले. त्यांना गोगलगायींचे शंख मिळालेली टाकळी आज नागपूर शहरात आली आहे. पण त्यांनी गावांची नावं लिहून ठेवली, म्हणून आजचा अभ्यासकसुद्धा त्या नगांचा माग काढू शकतो.

नाव चुकलं तरी चालतं, असं मी का म्हणतो? गुजरातेतल्या धोली डुंगरीचा एक नमुना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या धनंजय मोहबे यांनी १९८७ साली प्रसिद्ध केला. अंडी आणि शेजारी डायनासोरचं पिल्लू, असं तेव्हा वाटलं होतं. २००१ साली जेफ्री विल्सन यांनी तो पाहिला, तर त्यात सापाचे मणके! २०१० साली त्या सापाचं 'सानाजे इंडिकस' असं नामकरण झालं. नाव बदललं, पण नमुना आणि त्याचं ठिकाण शाबूत होतं, म्हणून चूक सुधारता आली.

आता उलट उदाहरण. ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनला १८२८ साली जबलपूरला डायनासोरची हाडं मिळाली. भारतातली ती पहिलीच. पुढे ती हरवली असंच सगळे धरून चालले. २०१२ साली ती सापडली कुठे? कोलकात्याला, सर्वेक्षणाच्या स्वतःच्याच संग्रहात! म्हणजे वस्तू गेली नव्हती, तिचा माग पुसला गेला होता. सरकारी संग्रहाची ही गत, तर माझ्या बिस्किटांच्या डब्यांचं काय होईल?

म्हणून आमचे नियम साधे आहेत. प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर काळ्या शाईने क्रमांक आणि तोच क्रमांक संगणकात. अक्षरं युनिकोडमध्येच, कारण जुन्या कृतिदेवमधल्या फाइली फॉन्ट नसला की नुसती अक्षरांची भेळ होतात. वर्षातून एकदा सगळी यादी कागदावर छापून कपाटात.

नातवाची एक सूचना मात्र मी मान्य केली. ठिकाणाचे दोन रकाने ठेवले आहेत. नेमकी जागा अभ्यासकांसाठी, लोकांना दाखवायच्या यादीत फक्त गाव. नाहीतर उद्या कोणी छिन्नी-हातोडा घेऊन जायचा आणि जागाच संपायची.

आता मी पंचाहत्तरीच्या पुढे आहे. मुलं पुण्याला आणि परदेशात. माझ्यामागे हे दगड यादीसकट एखाद्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाकडे जावेत अशी इच्छा आहे. यादी नसेल तर ते कुंडीतल्या शोभेचे खडे होतील.

अकरा नगांचं ठिकाण अजून लागलेलं नाही. ते एका सहकारी गुरुजींनी दिले होते, आणि ते आता नाहीत. अंदाजाने काहीतरी लिही, असं घरचे म्हणतात. मी लिहिणार नाही. कोरा रकाना कोणाला फसवत नाही, खोटा भरलेला रकाना पन्नास वर्षांनीही फसवतो.

नातेवाईक मंडळींपैकी जे तेव्हा आमच्याबरोबर हिंडले असतील, त्यांना कुठलं गाव, कुठला नाला आठवत असेल तर जरूर फोन करा. आठवण ताजी आहे तोवरच हे काम होतं.