दुसऱ्या फेरीला कोण जाणार?

(द्वितीय वर्ष कला)

दाढ दुखू लागली की सारे घर जागे होते. लवंग शोधली जाते, गरम पाण्यात मीठ पडते, रात्री अकरा वाजता बाबा औषधाचे दुकान उघडे आहे का ते पाहायला निघतात. हिरड्यांचे तसे नाही. हिरडी सुजते, ब्रशला रक्त लागते, तोंडाला वास येतो, दात लांब दिसू लागतात. पण बहुधा दुखत काहीच नाही. आणि जे दुखत नाही त्यासाठी आपल्या घरांत कोणी उठत नाही. हिरड्यांचे उपचार अर्ध्यावर सुटतात ते रोगी आळशी किंवा अडाणी असतो म्हणून, असे सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही.

दातांवर जंतूंचा चिकट थर रोज बसतो. तो वेळेवर निघाला नाही तर दगडासारखे किटण होते, आणि ते ब्रशने निघत नाही, दवाखान्यातच खरवडून काढावे लागते. तेही राहिले तर दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. 1965 साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे थांबवायला सांगितले. त्यांतले बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. तीन आठवड्यांच्या आत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागल्यावर आठवडाभरात बऱ्या झाल्या. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही हिरड्यांनी सूट दिली नाही! म्हणजे प्रश्न ठाऊक असण्याचा नाही, रोजच्या रोज करण्याचा आहे.

आणि रोजचे म्हटले की घर आलेच. आम्ही डोंबिवली पूर्वेला चाळीत राहतो. आई पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. तिला मधुमेह आहे. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात राहू देत नाहीत, असा हा दुहेरी फास आहे. डॉक्टरांनी तिला रात्री झोपताना ब्रश करायला आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायला सांगितले. ऐकायला किती सोपे! पण रात्री सर्वांच्या मागून जेवायचे, भांडी घासायची, ओटा पुसायचा, सकाळच्या पाण्याची पिंपे मोकळी करायची, आणि मग मोरीत उभे राहून ब्रश करायचा. धाकट्या भावाने तिच्या मोबाइलवर रात्री दहाचा गजर लावून दिला. घराने दिलेला आधार तो एवढाच. दहा वाजता गजर वाजे तेव्हा तिचे हात राखेत असत. मी भांडी घासायला घेतली त्या आठवड्यापासून तिचा रात्रीचा ब्रश चुकला नाही. आठवण करून देणे आणि वेळ काढून देणे यांत एवढे अंतर आहे.

कोणी म्हणेल, मोठ्या माणसाने स्वतःचे दात घासायलाही घराने हातभार लावायचा का? मग बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या पाण्याच्या पेल्यासह त्यांच्या हातात कोण देते? कमावत्या पुरुषाच्या आजाराला घर आपोआप आधार देते. आईच्या आजारात मात्र तिने स्वतःच शिस्त पाळायची असते. आमच्या घरात आई कमावते, तरीही!

घराचा आधार कधीकधी उलटाही पडतो. कल्याणच्या माझ्या मावशीने एकदा दात साफ करून घेतले. किटण निघाले, सूज उतरली, तशा दातांमधल्या फटी दिसू लागल्या. त्या रोगाने आधीच पडल्या होत्या, किटणाने झाकल्या होत्या, इतकेच. घरच्यांनी मात्र एकमुखाने निकाल दिला, ‘डॉक्टरने दात खिळखिळे केले.’ दुसरी फेरी तिथेच थांबली. आजीचे आणखी निराळे. ती मशेरी लावते. 1992 साली केंद्र सरकारने दंतमंजनात तंबाखू वापरायला बंदी केली, पण घरच्या तव्यावर तंबाखू भाजणाऱ्या हाताला कोण थांबवणार? आम्ही नातवंडे ओरडतो म्हणून आजी आता मोरीचे दार लावून मशेरी लावते, आणि दवाखान्यातही ओरडा बसेल म्हणून तिकडे फिरकत नाही. एका ठिकाणी तिला चारचौघांत ‘हे काय तोंड आहे?’ असे ऐकावे लागले होते. आमच्या रागाने तिची मशेरी सुटली नाही, दवाखाना मात्र सुटला.

हिरड्यांची काळजी आपल्याकडे कोणालाच नाही असेही नव्हे. हिरड्यांसाठी म्हणून वज्रदंती घराघरांत पोचवणाऱ्या विकोचे नाव डोंबिवलीत एका नाक्यालाच पडले आहे! पण मंजन कोणतेही असो, जमलेले किटण त्याने निघत नाही. फेऱ्या घालाव्याच लागतात. खाजगी दवाखान्याचे पैसे परवडत नाहीत त्यांनी मुंबई सेंट्रलच्या नायर दंत रुग्णालयात जायचे म्हटले, तर डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून पुढे, मग रांग. एका फेरीला एक रोज बुडतो. पहिल्या फेरीला सोबत मिळते, कारण तेव्हा काहीतरी दुखत असते. दुसऱ्या फेरीच्या दिवशी दुखत नसते, आणि घरात प्रत्येकाला नेमके काम निघते.

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत दंततपासणी होते, हे चांगलेच आहे. कार्ड वाटली जातात, छायाचित्र निघते. त्या कार्डांवर पुढची तारीखही असते. माझी सूचना अशी की पुढच्या वर्षी शिबिरात कमी तोंडे तपासावीत, आणि ज्यांना पुन्हा बोलावले आहे त्यांच्या दुसऱ्या व तिसऱ्या फेरीच्या दिवशी आपल्यापैकी एकेकाने सोबत जावे, किंवा घरी थांबून मुले सांभाळावीत, पाणी भरावे. सेवेचे तास त्याचेही धरता येतील. ठाण्याहून कल्याणपर्यंतच्या गाड्यांतून रोज कॉलेजात येणारे आपण शेकडो जण आहोत. महिन्याची एक सकाळ कोणाला जड जाऊ नये. आईची पुढची तारीख येत्या गुरुवारी आहे. त्या दिवशी केंद्रावरच्या पोळ्या लाटायला मी जाणार आहे, आणि भाऊ तिच्यासोबत दादरला गाडी बदलणार आहे. त्याने अजून हो म्हटलेले नाही.